काचेच्या कपाटातली खिट्टी

तो कंदील जरा अलीकडे घ्या, म्हणजे तुमचं तोंड तरी दिसेल मला. घाबरवायला नाही हो! मी कोणाला घाबरवणार? आमच्या घरातली पाल मला बघून हलत नाही, मीच उठून दुसऱ्या खोलीत बसते. पण आज आमचं संग्रहालय बघताना तुम्ही विचारलंत ना, एवढं देखणं काचेचं कपाट आणि त्याला एका बाजूला काच का नाही? एकनाथभाऊ तुम्हाला म्हणाले, मांजराने फोडली. मांजराने नाही फोडली. मी फोडली. बोळिंजहून आलेल्या पितळी पायलीने.

आता सांगते. मात्र मधेच उठून जायचं नाही. गेलात तर मला एकटीलाच आठवत बसावं लागेल, आणि ते मला जमत नाही.

त्रेपन्न सालची गोष्ट. पाऊस सरला होता, दसरा तोंडावर होता, आणि मी खळीचं भांडं हातात धरून समाजाच्या इमारतीकडे निघाले होते. जुन्या पुस्तकांच्या पाठी सुटल्या होत्या, त्या चिकटवायच्या. इतकं साधं काम.

समाज म्हणजे आमचा बागायत बंधुसमाज. वाडीवाल्यांनी वाडीवाल्यांसाठी काढलेला. लग्नाची भांडी द्यायची, पोरांना वह्या वाटायच्या, आणि वर्षातून एकदा सर्वांनी एका छताखाली बसून भांडायचं. सभेत एकमेकांना ‘बंधू’ म्हणायचं असा आमचा नियम आहे, त्यामुळे कमिटीवर बाई म्हणून मी पहिलीच गेले तेव्हा अध्यक्षांनी माझा उल्लेख ‘बंधू सुमनताई’ असा केला. तो अजून चालू आहे.

त्या वर्षी वाड्यांत तेलावरची इंजिनं येऊ लागली होती. विहिरी-विहिरींवरचे रहाट मोडून चुलीत जात होते. तेव्हा आमचे सेक्रेटरी एकनाथभाऊ सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “उद्या आपल्या नातवंडांनी विचारलं, रहाट म्हणजे काय, तर कुठे बोट दाखवाल?” सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठरलं, समाजाचा ग्रंथसंग्रह आहेच, त्याला जोडून वस्तुसंग्रहालय काढायचं. दुसऱ्या दिवसापासून जो तो आपल्या घरची अडगळ डोळ्यांत पाणी आणून आमच्याकडे पाठवू लागला. नांगर आले, पाय मोडलेले पाट आले, कोणाच्या तरी पणजीचा आंघोळीचा बंब आला. हे सगळं मांडायचं काम माझ्याकडे आलं. मला जुन्या गोष्टींची आवड आहे, आणि मला नाही म्हणता येत नाही. सभेच्या वृत्तांतात यातलं पहिलंच कारण लिहिलंय.

वसईच्या होळी बाजारामागची इमारत तुम्ही पाहिलीत. ती पूर्वी सुकेळ्यांची वखार होती. केळी तिथे सुकवून ठेवायचे. अजूनही दार उघडलं की आधी तो गोड, जुना वास येतो, मग डांबरगोळ्यांचा. पुढच्या खोलीत पुस्तकं, मागच्या मोठ्या दालनात वस्तू. आणि त्या दालनाच्या मधोमध आमच्या सभासद जगन्नाथच्या वाडीवरचा रहाट. अख्खा. उभं चाक, आडवं चाक, बैल जुंपायचा लांब दांडा, गाडग्यांची माळ, सगळं दोन गाड्यांतून आणून सॅन्टन सुताराने जसंच्या तसं उभं केलं होतं. विहीर तेवढी नव्हती. ती जगन्नाथने द्यायला नकार दिला.

आता ते कपाट. मुंबईच्या एका सभासदाने कपाट भेट दिलं, चारी बाजूंनी काच, आत निळं मखमल. आणि आमच्याकडे त्यात मावेल असं काही नव्हतंच! बंब मावेना, नांगर मावेना. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, कपाट रिकामं कसं ठेवायचं? एकनाथभाऊ दालनात फिरले, फिरले, आणि रहाटापाशी थांबून म्हणाले, “ही खिट्टी काढा.”

खिट्टी म्हणजे हाताएवढा लाकडाचा तुकडा. चाकाच्या दात्यांवर टेकलेला. चाक फिरलं की एकेक दाता तिच्याखालून सरकतो आणि ती वाजते, टक... टक... टक... तिच्यामुळे चाक पुढे जातं, मागे येत नाही. सॅन्टनने ती काढली, मी तेलाने पुसली, निळ्या मखमलीवर ठेवली. एकनाथभाऊंनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. फार छान दिसत होती. मीच म्हटलं तसं.

तर त्या संध्याकाळी मी पुढच्या खोलीत खळ लावत बसले होते. दिवेलागणीची वेळ. बाहेर चिंचेवर पाखरांची बडबड चालली होती, ती हळूहळू कमी झाली. मी कंदील लावला. आणि मागच्या दालनातून आवाज आला.

कुर्र...

लाकूड आहे, म्हटलं. पावसाळ्यात फुगलं, आता सुकतंय. पुन्हा आला. कुर्र... आणि मधेच अडला.

तुम्ही वाडीत वाढलेले नाही, म्हणून सांगते. लाकूड दोन तऱ्हेने कुरकुरतं. मोकळं लाकूड वेगळं, ओझं घेतलेलं लाकूड वेगळं. हा आवाज ओझ्याचा होता. आणि त्या माळेवरची गाडगी तर सगळी रिकामी, कोरडी. मीच फडक्याने पुसली होती.

मी एकोणीसचा पाढा म्हणायला घेतला. मला भीती वाटली की मी पाढे म्हणते. देवाचं काही म्हटलं तर देवाला कळेल ना, आपण घाबरलोय ते. पण एकोणीस सक्क्यापाशी मी नेहमीच अडखळते, आणि अडखळले त्या शांततेत मला वाटलं, आत कोणीतरी दम रोखून उभं आहे. आवाज थांबल्यावर बरं वाटायला हवं ना? मला थांबल्यावर जास्त भीती वाटली.

खळ तशीच टाकून मी घरी आले. यजमानांना म्हटलं, आज डोकं दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून घरी येते तर ओटीवर जगन्नाथ बसलेला. हातात केळ्यांची फणी, चेहरा उतरलेला.

“ताई, एक मागायला आलो. नाही म्हणू नका.”

“रहाट परत मागत असशील तर एकनाथभाऊ मला विहिरीत ढकलतील. आमंत्रणं छापून झालीत बाबा.”

“रहाट नको. आईला एकदा आत न्या. तिथे बसू द्या घडीभर.”

“दसऱ्याला येच की घेऊन. नारळ देऊन सत्कार करणार आहेत काकूंचा.”

“दसऱ्यापर्यंत...” तो थांबला. “आई जेवत नाही ताई. रहाट नेलात तेव्हापासून. बायको पेज करून देते, दोन घोट घेते आणि वाटी सारते. झोप नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेली असते, दिवस नाही, रात्र नाही. परवा उठताना कोसळली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर म्हातारी दिवाळी बघत नाही.”

“पण झालंय काय त्यांना?”

त्याने केळ्यांची फणी खाली ठेवली. पुन्हा उचलली.

“बाबा थांबलेत म्हणते.”

हे कळायला तुम्हाला वाडीची रीत ठाऊक हवी. घर इकडे, विहीर तिकडे, मधे केळी आणि पानवेलींची दाटी. एकमेकांना दिसणं शक्य नाही. पुरुष रहाटावर, बाई चुलीपाशी, आणि तिचा एक कान कायम त्या खिट्टीवर. टक टक चालू आहे म्हणजे पाणी चालू आहे. टक टक थांबली म्हणजे बैल तरी थांबला, नाहीतर दांड्यावर बसल्या बसल्या धन्याला डुलकी लागली. मग बाई मागच्या दारातून हाक घालते, “अहो...” तिकडून तो म्हणतो, “ओ...” आणि टक टक पुन्हा सुरू. आमच्या आईवडलांचं दिवसभरातलं बोलणं एवढंच असायचं. पण दिवसातून कितीतरी वेळा. आणि वाफे भिजले की शेवटची हाक, “सोडा बैल.” ती बाईनेच घालायची. तिने म्हटल्याशिवाय पुरुष बैल सोडत नसे.

जगन्नाथचे वडील, गंगारामकाका, रहाटावरच गेले. पाच-सहा वर्षं झाली असतील. हे सगळ्या वसईला माहीत होतं. पुढचं जगन्नाथने त्या दिवशी मला सांगितलं, मान खाली घालून.

“त्या संध्याकाळी टक टक थांबली. आईने हाक मारली. बाबांनी ओ दिला. मी ओटीवर होतो ताई, मीसुद्धा ऐकला. मग रहाट चालू झाला. बराच वेळ चालला, आईचा भात होईस्तोवर. मग पुन्हा थांबला. मी कंदील घेऊन गेलो. बाबा चाकाला टेकून बसले होते... गार पडले होते. अंग ताठलं होतं. वैद्यबुवा आले, ते म्हणाले, दुपारीच गेलेत.”

मी त्याच्या हातातली फणी घेऊन बाजूला ठेवली.

“मग रहाटाला गडी ठेवला. आई तरी हाक मारायचीच. गडी बिचारा गप्प राहायचा. पण आईला ओ मिळत असावा. तोंड उजळायचं तिचं. आम्ही म्हटलं, राहू दे. आता इंजिन आलं, त्याची फटफट वेगळी. आई म्हणते, ते थांबलेत, नि मी हाक मारू कुठनं? रहाट कुठाय?”

मी म्हटलं, बघते. ‘बघते’ म्हणजे माझी नाही म्हणायची पद्धत आहे. फक्त मला ती शेवटपर्यंत पाळता येत नाही.

त्या संध्याकाळी मी पुन्हा संग्रहालयात गेले. धैर्य वगैरे नाही हो. खळीचं भांडं उघडं राहिलं होतं, उंदीर खळ खातात आणि खळीबरोबर पुस्तक खातात. मी भांडं उचललं, निघाले, आणि दाराशी जाऊन परत वळले. का वळले, मला विचारू नका.

दालनात काळोख उतरत होता. आणि पहिली गोष्ट मला जाणवली ती वासाची. सुकेळ्यांचा तो गोड वास नव्हता. शेवाळाचा होता, ओल्या दोराचा, भिजलेल्या बैलाचा... आणि माणसाच्या घामाचा. उन्हात ओझं उचललेल्या माणसाला येतो तो.

मी दांड्यावर हात ठेवला.

दांडा थरथरत होता. भरलेली बादली ओढताना मधेच धरून ठेवली तर दोर थरथरतो ना, तसा. आणि जिथे माणूस खांदा लावेल, तिथे लाकूड उबदार होतं. माझ्या कानाजवळ, अगदी जवळ, कोणीतरी दात आवळून दम टाकला. हं... आणि पुन्हा रोखला.

मी पळाले. चपला तिथेच राहिल्या. बाजारातून अनवाणी आले, वाटेत तीन ओळखीच्या बायका भेटल्या, सगळ्यांना म्हटलं नवस आहे.

पण घरी येऊन दिवा लावला, पोरांना वाढलं, आणि हळूहळू माझी भीती बदलत गेली. कशी सांगू? त्या दम टाकण्यात दुष्टपणा नव्हता. कष्ट होते. आपले वडील वाडीतून घरी येऊन पाठ टेकताना करायचे ना आवाज, तसा. मला रडूच आलं. यजमान म्हणाले, आज पण डोकं दुखतंय वाटतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आणि जगन्नाथ, त्याच्या आईला, यशोदाकाकूंना, दोन्हीकडून धरून घेऊन आलो. धरून काय, उचलूनच. पिसासारख्या झाल्या होत्या. एकनाथभाऊ कुठे लग्नाच्या बोलणीला गेले होते, हे मी बघून ठेवलं होतं.

काकू रहाटापाशी गेल्या. आडव्या चाकावरून हात फिरवला, माळेतली दोन-तीन गाडगी चाचपली.

“पुसलीत कोनी?”

“मी, काकू.”

“बरी पुसलीस बाय. शेवाळ काढायचं नसतं पन.” आणि हसल्या. किती दिवसांनी, जगन्नाथ माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला.

मग त्यांनी केलं काय, तर रहाटाकडे पाठ करून मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. मी म्हटलं, काकू, इकडे तोंड करून बसा की. तर मान हलवली. जन्मभर त्यांनी रहाटाकडे बघून हाक मारलीच नव्हती ना. मधे केळी असायच्या. बघून कशी मारणार?

बाहेर काळोख झाला. मी कंदील खाली ठेवला.

“अहो...” काकूंनी हाक मारली.

आवाज म्हातारा नव्हता. तेवढा एक शब्द नव्हता म्हातारा.

काही नाही. डास तेवढे. जगन्नाथने माझा दंड घट्ट धरला होता, आणि मी त्याचा.

“अहो...”

आणि आला. “ओ...”

दालनातून. रहाटाच्या पलीकडून. मोठा नाही, पण स्पष्ट. जगन्नाथच्या तोंडून “बाबा” एवढंच निघालं, तेही अर्धं.

पण काकूंच्या चेहऱ्यावर उजेड आला नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“असा नाय द्यायचे ओ,” त्या हळूच म्हणाल्या. “आवळून दिलाय. ओझ्याखालनं दिलाय. ह्यांच्यावर काय पडलंय गो, सुमन?”

त्यांनी हे म्हटलं, आणि माझ्या डोक्यात एकदम उजाडलं. मी रहाटावरच्याच घरातली पोर. लहानपणी आम्हाला आजोबा बजावायचे, माळ भरलेली असताना खिट्टीला हात लावाल तर याद राखा. खिट्टी सुटली की भरल्या गाडग्यांचं ओझं चाकाला उलटं ओढतं. दांडा झटक्याने मागे येतो. बैलाचे पाय मोडतात, माणसाची छाती फुटते. कधी सुटलीच, तर एकच करायचं. दांड्याला खांदा द्यायचा आणि धरून ठेवायचं, दुसरं कोणी येऊन खिट्टी बसवेपर्यंत.

दुसरं कोणी आलंच नव्हतं. आम्ही खिट्टी मखमलीवर ठेवली होती.

“जगन्नाथ, ते धरून उभे आहेत!” मी ओरडले. “खिट्टी काढल्यापासून धरून उभे आहेत!”

किल्ली एकनाथभाऊंच्या कमरेला, आणि एकनाथभाऊ लग्नाच्या बोलणीला. मी इकडे तिकडे पाहिलं. बोळिंजची पायली हाताला लागली. चांगली जड आहे, पूर्वीचे लोक धान्य मोजताना फसवत नसत. मी डोळे मिटले आणि घातली कपाटावर. काच एवढ्या आवाजाने फुटली की मला वाटलं, आता भुतं पळतील आणि समाजाचे सभासद येतील. दोन्हींपैकी काही झालं नाही.

खिट्टी घेऊन मी चाकापाशी गेले. पण ती बसेना. दाता पुरता वर आला नव्हता, केसभर कमी होता. दांडा जरा पुढे ढकलायला हवा होता. जगन्नाथने दांड्याला छाती लावली. उंचापुरा माणूस, नारळाची गोणी एका हाताने उचलतो. दांडा हलेना. रिकाम्या गाडग्यांचा रहाट, खाली विहीर नाही, पाणी नाही, आणि तो हलेना. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. मीही एका हाताने ढकलू लागले. माझ्या ढकलण्याचा काय उपयोग होता, ते देवाला ठाऊक.

मग जगन्नाथ बाजूला तोंड न वळवता, जिथे कोणी दिसत नव्हतं तिकडे म्हणाला, “बाबा... एकदमच लावू. मी म्हटलं की.” आणि लहान असताना बापाबरोबर म्हणायचा असेल तसं, “हां... आता!”

दांडा गेला पुढे. माझ्या आणि जगन्नाथच्या मधे तिसरा खांदा होता. ओला. मला लागला तो. खिट्टी दात्यावर बसली.

टक.

आणि कोणीतरी दम सोडला. लांब, पोट रिकामं होईपर्यंत सोडलेला दम. त्यात थोडा हुंदका होता, थोडं हसू होतं. आपण नाही का, घागर खाली ठेवल्यावर आधी काहीच बोलत नाही.

आम्ही दोघं मागे सरलो. हात कोणाचाच दांड्यावर नव्हता.

टक... टक... टक...

चाक फिरू लागलं. गाडगी एकेक वर आली, एकेक पालथी झाली. मी कंदील उचलून बघितलं, एकातूनही थेंब पडत नव्हता. पण पाणी पडल्याचा आवाज येत होता. पाटातून पाणी खळखळत जात होतं, आमच्या फरशीवरून, माझ्या पायांच्या मधून. पाय कोरडे होते आणि गार पडत होते.

काकू उंबऱ्यावर बसूनच ऐकत होत्या. मान किंचित डोलत होती. मला वाटतं तो सबंध वेळ त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. एकदा थांबलं, त्यांनी हाक मारली, ओ आला, मोकळा, आळसावलेला, थोडासा खोडकरसुद्धा. पुन्हा चालू झालं. मी रडत होते आणि नाक पदराला पुसत होते. भुताच्या गोष्टीत बाई किंचाळते ना? मी शिंकले.

शेवटी काकूंनी मोठा श्वास घेतला.

“पुरे झालं हो पानी... वाफे भिजले सगळे. सोडा बैल.” थोडं थांबून, अगदी घरच्यासारखं, त्या म्हणाल्या, “आनि जेवाया या.”

टक टक थांबली. दालनात फक्त सुकेळ्यांचा वास राहिला.

ते शेवटचं वाक्य मला तेव्हा फार गोड वाटलं. त्या दिवशीचं राहिलेलं जेवण, नाही का! घरी जाताना वाटेत मी जगन्नाथला तसं म्हटलंसुद्धा. त्याने आईला पाठुंगळी घेतलं होतं, आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एकनाथभाऊ कपाटासमोर उभे.

“बंधू सुमनताई, हे काय?”

“मांजर असेल.”

“मांजराने काच फोडली, खिट्टी काढली, आणि रहाटाला बसवली?”

“हुशार असतात हो हल्ली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिट्टीकडे पाहिलं, आणि खिट्टीला हात न लावता निघून गेले. मला वाटतं, त्यांनीही कधीतरी एखाद्या दिवेलागणीला काही ऐकलं होतं. विचारलं नाही मी. कमिटीत काही गोष्टी विषयपत्रिकेवर घेत नाहीत.

दुपारी शाळा सुटल्यावर मी काकूंना बघायला गेले. इस्तरीचं पातळ नेसून, अगदी खुशीत. म्हटलं, चला, आपल्या हातून एक तरी काम धड झालं.

जगन्नाथ स्वयंपाकघराच्या दाराशी बसला होता. अनसूया, त्याची बायको, चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या करत होती. आणि काकू चुलीपासून हातभर अंतरावर चटईवर गाढ झोपलेल्या. चेहरा एवढा निवांत, की मला पांघरूण सारखं करायचा मोह झाला.

“जेवल्या?” मी कुजबुजले.

“पोटभर,” अनसूया म्हणाली. “बोंबलाचं कालवण मागून घेतलं. मग झोपल्या.”

“मग तुझं तोंड असं का गं?”

तेवढ्यात काकू कुशीवर वळल्या आणि झोपेतच म्हणाल्या,

“ओ...”

हाक कोणी मारली नव्हती. मागचं दार उघडं होतं, बाहेर केळी उभ्या होत्या. एक पान हलत नव्हतं.

“जेवल्यापासून चाललंय,” जगन्नाथ म्हणाला. “मधेच ओ देते. हाक आम्हाला ऐकू येत नाही.”

मी त्याच्या शेजारी बसले. चूल चुरचुरत होती. बऱ्याच वेळाने काकू पुन्हा हसल्या, झोपेत, नव्या नवरीसारख्या.

“ओ... आले. एवढी तव्यावरची भाकरी उतरवते, नि आलेच.”

अनसूयाचा हात हवेत थांबला. तव्यावरची भाकरी टम्म फुगली होती, उतरवायलाच झाली होती. तिने सासूकडे पाहिलं. मग घाईघाईने दुसरा गोळा घेतला, थापला, एका हाताने झालेली भाकरी उचलली आणि ती उचलता उचलता दुसऱ्या हाताने कच्ची तव्यावर टाकली. तवा क्षणभरही मोकळा राहिला नाही.

तेव्हा मला टोपली दिसली. भाकऱ्यांचा ढीग टोपलीच्या बाहेर आला होता. खालच्या वाळून कडक झाल्या होत्या. जेवणं केव्हाच आटोपली होती, घरात जेवणारं कोणी उरलं नव्हतं. पण तव्यावर भाकरी असेपर्यंतच काकू थांबणार होत्या.

मी पदर खोचला आणि अनसूयाच्या शेजारी जाऊन उकडीचा गोळा घेतला. माझी भाकरी कधीच गोल होत नाही, एक बाजू नेहमी अलिबागकडे जाते. त्या दिवशी कोणी नावं ठेवली नाहीत. ती भाजत होती, मी थापत होते. जगन्नाथ लाकडं सारत होता. मधूनच मागच्या दाराकडे बघत होता, आणि बघून न बघितल्यासारखं करत होता. काकू संथ श्वास घेत होत्या.

ऊन कलायला लागलं. अनसूयाने पिठाच्या डब्यात हात घातला, आणि तो तळाशी खरवडल्याचा आवाज आला. ती माझ्याकडे वळली. सासूची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजात तिने विचारलं,

“ताई... तुमच्या घरी तांदळाचं पीठ आहे?”